क्रूझ माल्टाला सात-आठ तास थांबते. टूर न घेता राजधानी वॅलेटा स्वतः बघता येईल का?

हो, अगदी बिनधास्त. बोट तटबंदीच्या पायथ्यालाच लागते. तिथून चालत जाऊन बराक्का लिफ्ट घ्या; ५८ मीटर वर थेट अप्पर बराक्का बागेत पोहोचता. दुपारी बाराला खालच्या तोफखान्यातून तोफ डागतात, तेव्हा कठड्याशी जागा धरून ठेवा.

पण सकाळचा वेळ सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या चर्चलाच द्या. तिथलं इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ चं, संत जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र चुकवू नका: चित्रात जमिनीवर सांडलेल्या रक्तातच त्याने स्वतःचं नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. मी तर त्याच्यासमोरून हललेच नाही. खांदे झाकलेले हवेत, म्हणून ओढणी सोबत असू द्या. रविवारी मात्र पर्यटकांना प्रवेश नसतो.

१५६५ च्या ऑटोमन तुर्कांच्या वेढ्यानंतर आखून वसवलेलं शहर, रस्ते सरळ, हरवायची भीती नाही. चढ-उतार आणि पायऱ्या भरपूर, चपला आरामाच्या घाला. भूक लागली तर रिकोटा चीजचे किंवा वाटाण्याचे गरम पास्तित्सी (सारण भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्री) खा. परतीची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे धरा आणि तासभर आधी खाली उतरा.