पंपाला पाना लावण्याआधी टाकीचं झाकण बघा

प्रश्न : नाना, माझा ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर सकाळी एका सेल्फला सुरू होतो. केळीचं रान मोडायला रोटाव्हेटर लावला की वीस-पंचवीस मिनिटांत घुसमटतो आणि बंद पडतो. अर्धा तास थांबलं की परत सुरू, जसं काही झालंच नाही. खळ्यात नुसता चालू ठेवला तर तासभरही बंद पडत नाही. टाकी गच्च भरली की उलट लवकर बंद पडतो. दोन्ही फिल्टर नवे टाकले. मेकॅनिक म्हणतो इंजिनाचा डिझेल पंप खोलावा लागेल, बारा हजार धरून चाला. टाकीचं झाकण पावसाळ्यात हरवलं, तेव्हापासून तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि ट्यूबचं रबर बांधलंय. थेंबभर पाणी आत जात नाही. पंप खोलू का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : नका खोलू, भाऊ. तुमच्या पत्रातली झाकणाची ओळ वाचली आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

थेंबभर पाणी आत जात नाही, तशी हवाही जात नाही. मूळ झाकणाला बारीक छिद्र असतं. जितकं डिझेल खाली उतरतं तितकी हवा त्यातून आत येते. तुम्ही ती वाट बंद केली. रोटाव्हेटरवर इंजिन वीस मिनिटांत दीडएक लिटर ओढतं, टाकीत हवा विरळ होते आणि डिझेल खाली यायला तयार होत नाही. टाकी गच्च भरलेली असली की वर हवा मुळातच थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. खळ्यात खप कमी, म्हणून तिथे जाणवत नाही. अर्ध्या तासात रबराच्या फटीतून जरा हवा शिरते, की गाडी शहाण्यासारखी सुरू.

खात्री करायची तर पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर रबर सोडा आणि कान द्या. 'फुस्स' करून हवा आत गेली, की तुमचे बारा हजार वाचले. तुमच्या मॉडेलचंच झाकण आणा, दुसऱ्या गाडीचं नको. ज्यांचं झाकण शाबूत आहे त्यांनीही छिद्र बघावं. आपल्या काळ्या मातीचा फुफाटा डिझेलच्या ओलीत बसला की सिमेंटसारखा घट्ट होतो.

हे सांगायला मी कोण? धुळ्यात पंप-नोझलचं काम शिकत होतो तेव्हा एकाचा पंप मीच उतरवला, बेंचवर लावला, सील बदलले, पैसे घेतले. गाडी गावाबाहेर जाईपर्यंत बंद! उस्ताद कपाळाला हात लावून म्हणाले, "पहिले टाकी दख, मंग पंप." टाकीच्या कॉकच्या तोंडाशी कापसाच्या तंतूंचा बोळा निघाला. ड्रममधलं डिझेल तो जुन्या धोतराने गाळायचा. पैसे मी परत दिले, पण ती नजर अजून आठवते. डिझेल गाळायला तंतू सुटणारं कापड वापरू नका, बारीक जाळीचं नरसाळं घ्या.

फुस्स झालं नाही, तर कॉकची नळी सोडून धार बघा. बोटभर जाडीची पडली तर ठीक, तुटक पडली तर कचरा टाकीत आहे.

नळी सोडली की आत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढावीच लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि टाकीतलं डिझेल पुढे ढकलणाऱ्या फीड पंपाचा हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. बरेच जण हात थांबवून मग आवळतात, आणि हवा परत आत. नंतर हेच मुख्य डिझेल पंपावरच्या स्क्रूला.

प्रश्न : आमचा नवा ट्रॅक्टर ५० एचपीच्या वरचा, कॉमन रेलचा. जुन्यासारखे नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून एअर काढली तर चालेल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : अजिबात नाही. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचा नवा टप्पा लागू झाला आणि कॉमन रेल आली, म्हणजे सगळ्या नोझलांना मोठ्या दाबाचं डिझेल पुरवणारी एकच सामाईक नळी. जुनं नोझल साधारण २०० बारला उघडायचं, हिच्यात दाब हजार बारच्या पुढे. मोटारीच्या टायरात दोन-अडीच बार असतात, यावरून अंदाज घ्या. चालू इंजिनच्या नळीतून उडालेली बारीक धार कातडी भेदून आत जाते. काटा टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फार. तरी त्याच घडीला दवाखाना गाठा आणि डिझेल दाबाने घुसलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तुमच्या हातचं काम एवढंच : फिल्टरखालचा पाण्याचा कॉक सोडून पाणी काढणं, आणि फिल्टर पुस्तिकेतल्या तासांच्या आधी, वेळेवर बदलणं.