अजिंठ्यासारख्या ठिकाणी परदेशी पर्यटक वाढावेत की कमी व्हावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की, जागतिक वारसा यादीत नाव गेलं की बाहेरच्या देशांतून माणसं येऊ लागतात, त्यातून त्या जागेचं भलं होतं की वाटोळं, आणि अजिंठ्यासारख्या नाजूक ठिकाणी त्यांना आवर घालावा का. मी लेण्यांजवळच्या फर्दापूर गावचा. वडील लेण्यांवर डोली वाहायचे, मी अठरा वर्षं तिथेच गाइडचं काम करतोय. म्हणून जे रोज बघतो त्या अजिंठ्यापुरतंच सांगतो.

दहा नंबरच्या लेण्यात एका खांबावर, चित्राच्या अंगावरच, एक नाव कोरलेलं आहे. मद्रास फौजेतला अधिकारी जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला होता. तेव्हा लेण्यात मातीचा ढिगारा साचलेला होता, त्यावर उभं राहून त्याने नाव कोरलं, म्हणून आज ते आपल्या डोक्याच्या वर दिसतं. आसपासच्या गावांना लेणी ठाऊक होतीच, पण जगाला त्यांचा पत्ता लागला तो याच माणसामुळे. एक परदेशी पाहुणा, त्याच दिवशी झालेलं नुकसान, आणि त्याच दिवसापासून सुरू झालेली कीर्ती. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या खांबावर आहे, असं मला वाटतं.

पुढे आलेले बरेच जण तर चित्रांच्या प्रेमापोटी आले. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं इथे राहून चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा जागेवर धरला, हे उपकारच. पण वरून दिलेला लाखेचा थर काळाबरोबर पिवळा, मग तपकिरी पडला. तो उतरवण्याचं चिकाटीचं काम पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ पुढे कितीतरी वर्षं करत राहिले.

आता गर्दीचं. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि गवत, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. अशा भिंतीला दमट हवा सोसत नाही. बंद दालनात माणसं शिरली की श्वासाची वाफ, घाम, कपड्यांवरची धूळ सगळं आत येतं. ओल वाढली की माती फुगते, सुकली की आकसते, आणि एक दिवस पोपडा सुटतो. फ्रान्समधल्या लास्को गुहेचं उदाहरण जगाला माहीत आहे. १९४० मध्ये सापडली, १९४८ ला लोकांसाठी उघडली, दिवसाला हजाराच्या वर माणसं आत जाऊ लागली, भिंतींवर शेवाळ आलं आणि १९६३ ला ती बंदच करावी लागली. आज लोक शेजारी बांधलेली तिची प्रतिकृती बघतात.

पण श्वासाला पासपोर्ट नसतो. परदेशी गट हिवाळ्यात येतात, संख्येने थोडे असतात. श्रीलंका, थायलंड, जपानहून येणारे बौद्ध भाविक तर सव्वीस नंबरच्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणापुढे, म्हणजे अखेरच्या क्षणी पहुडलेल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे, इतके शांत बसतात की मीही बोलणं थांबवतो. खरी दाटी होते ती पावसाळ्यातल्या रविवारी, सप्तकुंडाचा धबधबा बघायला आलेल्या आपल्याच लोकांची. भिजलेल्या कपड्यांनी ती सगळी माणसं एक नंबरच्या लेण्यात शिरतात. त्या दिवसांत माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून आवर घालायचा तर तो डोक्यांच्या संख्येला घाला, देशाला नको.

फायदेही मी डोळ्यांनी पाहिलेत. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळचा मोठा प्रकल्प झाला. पूर्वी गाड्या लेण्यांच्या पायथ्यापर्यंत धूर सोडत यायच्या, त्या आता चार किलोमीटर अलीकडे टी-पॉइंट नावाच्या फाट्यावर थांबतात आणि पुढे एसटीची बस नेते. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली तेव्हा आमच्याकडे काय झालं तेही आठवतं. स्फटिक आणि गारगोट्या विकणारे, डोलीवाले, आम्ही गाइड, सगळे घरी. काही जण मजुरीला गेले. ‘पर्यटक नकोत’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या घरांचा विचार करावा.

मला राग आहे तो पैशाच्या वाटेचा. बहुतेक देशांतून आलेला माणूस तिकिटाचे ६०० रुपये देतो, आपण ४०. ही रक्कम केंद्राच्या तिजोरीत जाते, गावाला त्यातून थेट काही मिळत नाही. टी-पॉइंटजवळ २०१३ साली मोठं अभ्यागत केंद्र उघडलं होतं, त्यात एक, दोन, सोळा आणि सतरा नंबरच्या लेण्यांच्या प्रतिकृती. गर्दीवरचा हाच सगळ्यात चांगला उपाय होता. आधी तिथे भरपूर उजेडात, निवांतपणे सगळं बघायचं, मग खऱ्या लेण्यात थोडा वेळच थांबायचं. काही वर्षांतच वीज-पाण्याची बिलं थकून ते बंद पडलं. कोट्यवधी रुपये घालून बांधलेली वास्तू बिलांपायी बंद पडते, आणि तिच्या वाटची गर्दी दीड हजार वर्षं जुन्या भिंतीला झेलावी लागते. याला मी गुन्हाच म्हणतो.

परदेशी लोकांना तिथे परकं मानायलाही माझं मन तयार नाही. एक नंबरच्या छताकडे मान वर करून बघा, टोकदार टोप्या घातलेले, हातात पेले धरलेले दूरदेशीचे लोक रंगवलेत. तिथला निळा रंग ज्या दगडाचा, तो अफगाणिस्तानातून आला. चित्रं काढणाऱ्यांच्या काळातही जग या दरीपर्यंत पोचलेलं होतं.

तुम्ही स्वतः येणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. मधल्या वारी सकाळी पहिल्या बसने या. फ्लॅश वापरू नका, आणि सोबतचा कोणी भिंतीला हात लावताना दिसला तर तिथल्या तिथे अडवा. लेण्यात शिरल्यावर दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की एक नंबरमधल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं कमळ मंद उजेडातही दिसतं.