डबा टीव्ही आणि पिवळी पिन: वाचकांचे प्रश्न

सोनीच्या प्लेस्टेशन-२ (पीएस-२) या गेम कन्सोलवर पीएस-२ आणि पीएस-१ असे दोन्ही गेम खेळायचे आहेत. जुन्या बाजारात सोनीचे दोन ट्रिनिट्रॉन टीव्ही मिळताहेत, एक २१ इंची फुगीर काचेचा आणि एक २९ इंची फ्लॅट. दुकानदार लावून बघू देतो. नेमकं काय बघू?
— वाचक, पिंपरी

सर्वात आधी सेटच्या पाठीवर हात ठेवा. पाठ कोमट लागली तर त्या दिवशी परत या, किंवा सेट तासभर बंद ठेवायला सांगा. थकलेली पिक्चर ट्यूब गरम झाली की बरी दिसते आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. थंड सेट चालू केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत चित्र यावं आणि मिनिटभरात पूर्ण उजेड यावा. चित्र पाच-दहा मिनिटं काळपट राहत असेल, पांढरी अक्षरं बाजूला ओघळत असतील किंवा चेहऱ्यांवर चांदीसारखी चमक येत असेल तर ट्यूब वीक आहे. तो सेट सोडून द्या.

बरोबर कन्सोल न्याच, पण त्याशिवाय यूएसबी असलेला एखादा स्वस्त डीव्हीडी प्लेअरही न्या. पेनड्राइव्हवर सहा चित्रं हवीत: पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं आणि काळ्यावर पांढऱ्या रेषांची जाळी. एवढ्यावर बहुतेक दोष पकडता येतात. २४०पी टेस्ट सूट हे मोफत सॉफ्टवेअर तुमच्या एखाद्या कन्सोलवर चालत असेल तर आणखी चांगलं.

काळ्या चित्रात काळा खरंच काळा हवा. ब्राइटनेस मध्यावर असूनही पडदा राखाडी दिसत असेल आणि त्यावर बारीक तिरक्या रेषा असतील, तर बहुधा फ्लायबॅकवरचा (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) ‘स्क्रीन’चा स्क्रू कोणीतरी पिळलाय. मरत्या ट्यूबला उजेड आणायचा हा जुना उपाय आहे. लाल चित्रात रंगाची शुद्धता कळते. कोपऱ्यात जांभळट किंवा हिरवट डाग दिसले तर लगेच नाकारू नका. शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकानेही ते येतात. स्पीकर लांब सारा, सेट रिमोटने नव्हे तर मुख्य बटणाने बंद करा आणि वीस मिनिटांनी लावा. चालू होताना जो ‘घूं’ आवाज येतो तो डीगॉस कॉइलचा, म्हणजे ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा. त्या सर्किटमधला थर्मिस्टर गार झाल्याशिवाय कॉइलला पूर्ण जोर मिळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही. दोन-तीन वेळा असं करूनही डाग तिथेच राहिला तर ट्यूबच्या आतली धातूची जाळी सरकलेली असते, बहुतेकदा सेट पडल्यामुळे. त्यावर इलाज नाही.

पांढऱ्या चित्रात एक किंवा दोन पुसट आडव्या रेषा दिसतील. त्या ट्रिनिट्रॉनच्या तारांच्या सावल्या आहेत, दोष नाही.

जाळीच्या चित्रात मध्यभागी रेषा एकसंध पांढऱ्या हव्यात. कोपऱ्यात मिलिमीटरभर लाल-निळी झालर असेल तर चालेल, २९ इंची फ्लॅटमध्ये ती जवळजवळ असतेच. मग पांढरं आणि काळं चित्र आलटून पालटून लावा. पांढऱ्याच्या वेळी चित्राची कड किंचित फुगणं नेहमीचं आहे, पण सेंटिमीटरभर सरकली तर पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर थकलेत असं समजा.

आता पाठीमागे बघा. हिरव्या-निळ्या-लाल पिनांचा कंपोनंट इनपुट असेल तर तुमच्या पीएस-२ साठी तोच सर्वात मोलाचा. पण सॉकेट दिसतंय म्हणजे ते चालतंय असं नाही. आपल्याकडे मूळ बोर्ड गेला की चायनीज युनिव्हर्सल किट बसवून सेट उभा करतात. मग मागची भोकं मूळचीच राहतात, पण आत जोडणी फक्त पिवळ्या पिनेची, म्हणजे साध्या एव्ही व्हिडिओची असते. रिमोट दुसऱ्याच कंपनीचा आणि मेनू कंपनीच्या धाटणीचा नाही, एवढ्यावरून किट ओळखू येतो. खात्रीसाठी कंपोनंट केबल लावून बघाच. पीएस-२ च्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’चा पर्याय आरजीबीवरून वाय-पीबी-पीआरवर आधीच, पिवळी पिन लावून, बदलून ठेवा. नाहीतर रंग भलतेच येतात आणि दोष विनाकारण टीव्हीच्या माथी जातो. त्याच केबलवर पीएस-१ ची एक डिस्कही चालवून बघा. हे गेम बहुतांशी २४०पीमध्ये (दर वेळी त्याच २४० रेषा) येतात आणि काही सेटना तो सिग्नल कंपोनंटवर पचत नाही. शेवटी प्रत्येक पिन हलकेच हलवा. चित्र लुकलुकलं तर सॉकेटचा सोल्डर सुटलाय. ही दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, पण भाव पाडायला पुरेशी.

दोन्ही सेट या सगळ्यातून पार पडले तर? कंपोनंट इनपुट दोन्हीकडे असेल तर २१ इंची घ्या. फ्लॅट काचेत कडेच्या रेषा सरळ ठेवणं अवघड असतं, आणि २९ इंची सेट चाळीस किलोच्या पुढे भरतो. पाठीवर ‘१०० हर्ट्झ’ लिहिलं असेल तर तो सेट कितीही देखणा असो, नकोच. आत प्रत्येक चित्र डिजिटल करून साठवलं जातं, त्यामुळे बटण दाबणं आणि उडी मारणं यांत अंतर पडतं. उचलताना काचेची बाजू छातीशी घ्या, वजन सगळं तिथे असतं.

ऑफिसातून १७ इंची सीआरटी (पिक्चर ट्यूबचा) कॉम्प्युटर मॉनिटर फुकट मिळाला. त्यावर कन्सोल चालेल का?
— वाचक, ठाणे

थेट नाही. जुने कन्सोल सेकंदाला सुमारे १५,६०० ते १५,७०० आडव्या रेषा काढतात. तुमच्यासारखा व्हीजीए मॉनिटर ३१,५०० च्या आसपास सुरू होतो आणि त्याखाली ‘आउट ऑफ रेंज’ दाखवून बसतो. बाजारात एव्ही-टू-व्हीजीएचे स्वस्त डबे मिळतात. त्यातले बहुतेक २४०पीला ४८०आय (एकाआड एक रेषांचं चित्र) समजतात, त्यामुळे हलणाऱ्या पात्रांच्या कडा करवतीसारख्या दिसतात आणि उशीर होतो तो वेगळाच. त्यावर पैसे घालू नका.

तुमच्या मॉनिटरचं खरं सुख कॉम्प्युटरवर आहे. डॉसचे गेम त्याच्यासाठीच बनले होते. सेगाचा ड्रीमकास्ट कन्सोल असेल तर व्हीजीए केबलवर त्याचे बहुतेक गेम ४८०पीमध्ये सुरेख दिसतात. इम्युलेटरसाठी (कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) एक युक्ती आहे: २४० रेषा, १२० हर्ट्झ. न दिसणाऱ्या रेषा धरून ही जोडी सुमारे साडेएकतीस किलोहर्ट्झला पोचते, म्हणजे मॉनिटर खूश आणि जुन्या टीव्हीसारख्या रेषांमधल्या काळ्या फटीही मिळतात. फक्त प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते आणि सरकत्या चित्राला जुळी सावली येते. रेट्रोआर्च या इम्युलेटर प्रोग्रॅममधलं ‘ब्लॅक फ्रेम इन्सर्शन’ (दुसऱ्या वेळी काळी फ्रेम) चालू केलं की ती जाते, उजेड मात्र निम्मा होतो.

ग्राफिक कार्ड जुनं बघा. एनव्हिडियाच्या ९०० मालिकेपर्यंत अॅनालॉग आउटपुट होता, पुढच्या मालिकेपासून गेला. एचडीएमआय-टू-व्हीजीए अॅडॉप्टरनेही काम होतं, पण ३२०×२४० मागितलं तर पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवायचा वेग) एचडीएमआयच्या २५ मेगाहर्ट्झच्या खाली जातो आणि पडदा काळा राहतो. त्याऐवजी १२८०×२४० द्या.

नातेवाइकांनी न्यू जर्सीहून सेगा जेनेसिस या गेम कन्सोलचं पहिलं मॉडेल आणलं. अजून लावलेलं नाही. आपल्या टीव्हीवर चित्र रंगीत येईल ना?
— वाचक, सोलापूर

लावलं नाहीत हे फार बरं केलंत. त्याबरोबरचा अॅडॉप्टर १२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० वर तो क्षणात जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा ९ व्होल्ट डीसी, १.२ अँपिअरचा चांगला इथला अॅडॉप्टर. पिनेचा आतला भाग निगेटिव्ह हवा, बाहेरचा पॉझिटिव्ह. जेनेसिसच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये हे नेमकं उलटं आहे, त्यामुळे ‘सेगाचा अॅडॉप्टर’ म्हणून मिळेल तो खुपसू नका. मल्टिमीटरने बघून मगच लावा.

आता रंग. अमेरिकेत तेव्हा एनटीएससी पद्धत होती, रंगाचा सिग्नल ३.५८ मेगाहर्ट्झवर. आपल्याकडे पाल, ४.४३ वर. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातले आणि पुढचे बरेचसे सेट दोन्ही ओळखतात. चित्र कृष्णधवल आलं तर मेनूतली ‘कलर सिस्टिम’ ऑटोवरून ‘एनटीएससी ३.५८’ करा. तो पर्यायच नसेल तर तो सेट फक्त पालचा आहे आणि पिवळ्या पिनेवर रंग येणार नाहीत. चित्र वरखाली गडगडत असेल तर तो अमेरिकी ६० हर्ट्झचा प्रश्न (आपल्याकडे ५०), मागच्या बाजूला व्हर्टिकल होल्डची खुंटी असेल तर ती हळू फिरवा.

अँटेनाच्या वायरीने जोडायच्या फंदात पडू नका. अमेरिकी पद्धतीत आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्या पद्धतीत ५.५ वर. चित्र सापडलं तरी आवाजाच्या जागी नुसती खरखर येईल. (हाँगकाँगहून आलेल्या कन्सोलचंही हेच, तिथल्या पद्धतीत हे अंतर ६ होतं. सेटच्या मेनूत ‘साउंड सिस्टिम’ ‘आय’ केली की तो आवाज येतो.)

टीव्हीला कंपोनंट इनपुट असेल तर सर्वात सरळ मार्ग वेगळाच आहे. जेनेसिसच्या मागच्या आठ पिनी सॉकेटमधून आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांत) मिळतं, ते आरजीबी-टू-कंपोनंट ट्रान्सकोडरमधून द्या. पाल-एनटीएससीचा रंगाचा तंटाच उरत नाही. त्या सॉकेटवर आवाज मात्र मोनो आहे, स्टिरिओ पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्यावा लागतो.

सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने फरक पडतो का? माझ्या साध्या केबलवर पांढरा मेनू आला की स्पीकर गुणगुणतो.
— वाचक, नाशिक

मुलाम्याने पिन गंजत नाही, एवढंच. चित्र बदलतं ते सिग्नल बदलल्यावर. अँटेनापेक्षा पिवळी पिन बरी, तिच्यापेक्षा एस-व्हिडिओ स्पष्ट चांगला, आणि कंपोनंट व आरजीबी सर्वात वर. पिवळ्यात उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, म्हणून लाल रंग ओघळतो आणि कडांवर ठिपके चालताना दिसतात. एस-व्हिडिओ हे दोन वेगळे ठेवतो. अर्थात सेगाचे काही गेम पिवळ्या पिनेचा हा ओघळ गृहीत धरूनच रंगवलेत. सॉनिकमधला धबधबा म्हणजे उभ्या पट्ट्या आहेत, पिवळ्यावर त्या मिसळून पाणी पारदर्शक वाटतं आणि आरजीबीवर गज दिसतात. काहींना गजच आवडतात!

तुमची गुणगुण हा केबलचाच दोष वाटतो. पांढऱ्या पडद्याबरोबर आवाज वाढतो, म्हणजे व्हिडिओची तार ऑडिओच्या तारेत पाझरते आहे. स्वस्त तीनपदरी वायरीत आत नुसत्या बारीक तारा शेजारी शेजारी असतात, जाळीचं वेष्टण नावाला. ७५ ओहमची, प्रत्येक पदराला स्वतंत्र जाळी असलेली कोअॅक्सिअल केबल घ्या. दोन मीटरपेक्षा लांब नको. बदलूनही आवाज राहिला तर कन्सोलच्या अॅडॉप्टरवर संशय घ्या.

घेतलेली केबल मल्टिमीटरवर तपासा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवा आणि पुढच्या आकड्यांतून वजा करा. मधली पिन ते मधली पिन एक ओहमच्या आत, बाहेरची कडी ते कडी तेवढंच, आणि पिन ते कडी मात्र जोडणीच दिसता कामा नये. हे मोजताना केबल टोकाजवळ वाकवत राहा, कारण तार तुटते ती तिथेच. एका टोकाला ३.५ मिमीची पिन असलेल्या केबलींचा भरवसा नाही. कंपनीगणिक जोडणी बदलते, पिवळ्यावर चित्र नसेल तर टीव्हीच्या पिवळ्या भोकात आधी लाल, मग पांढरी पिन लावून बघा.

स्टुडिओतला मॉनिटर वापरणाऱ्यांनी मागचा ७५ ओहमचा स्विच बघावा. तो बंद असेल तर सिग्नल दुप्पट होऊन चित्र पांढरंफटक पडतं. एकाच केबलीवर दोन मॉनिटर आणि दोन्हीचे स्विच चालू, तर सिग्नल दोन तृतीयांश उरतो आणि चित्र मळकट दिसतं. हे पाहिल्याशिवाय केबलला दोष देऊ नका.

पावसाळ्यात टीव्ही लावला की आतून चर्र आवाज येतो आणि एक उग्र वास. मागचं झाकण उघडून पुसू का?
— वाचक, मडगाव

नाही. प्लग काढा आणि हात लावू नका. ट्यूबला जाणाऱ्या जाड लाल तारेवर २० ते ३० हजार व्होल्ट असतात, आणि ट्यूब स्वतः कॅपॅसिटरसारखी असल्याने सेट बंद केल्यावरही तो भार राहतो. सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वेगळे तीनशेवर व्होल्ट असतात.

दमट खारी हवा आणि धूळ यांचा थर त्या तारेच्या रबरी टोपीभोवती बसतो आणि वीज त्यावरून सरपटते. वास ओझोनचा. जाणता मेकॅनिक ट्यूब डिस्चार्ज करून टोपी आणि आसपासची काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, पूर्ण वाळवतो. एवढ्यावर बरेचदा भागतं. फ्लायबॅकच्या अंगाला तडा असेल तर मात्र तो बदलावा लागतो, आणि ऑर्डर करताना नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे.

पावसाळाभर आठवड्यातून दोनदा अर्धा तास सेट चालू ठेवा. वर प्लॅस्टिक टाकू नका, आत ओल कोंडते. सुती चादर पुरे, तीही सेट गार झाल्यावर.

बदकं मारायची बंदूक नव्या एलईडीवर चालत नाही. बिघडली का?
— वाचक, जळगाव

बंदूक ठीक असावी. ट्रिगर दाबला की गेम एक फ्रेम काळी करतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतला सेन्सर त्याच क्षणी तो उजेड शोधतो. एलईडी ते चित्र थोडं उशिरा दाखवतो, तोवर गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं. १०० हर्ट्झचा डबाही याच कारणाने नापास. निन्टेंडोची मूळ झॅपर बंदूक तर साध्या टीव्हीच्या १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच प्रतिसाद देते, त्यामुळे व्हीजीए मॉनिटरवरही चालणार नाही.

प्लेस्टेशनची गनकॉन बंदूक वापरणार असाल तर तिला पिवळ्या पिनेतून सिग्नल लागतो. कंपोनंट लावून ठेवलं असलं तरी त्या गेमपुरतं पिवळ्यावर या, आणि ब्राइटनेस नेहमीपेक्षा थोडा वाढवा.