वाचक विचारतात : इंग्लिश फुटबॉलमधले प्ले-ऑफ

२०२४-२५ च्या चॅम्पियनशिपमध्ये शेफील्ड युनायटेडचे ९० गुण झाले, संडरलंडचे ७६. तरीही प्रीमियर लीगमध्ये गेलं संडरलंड. मग ४६ सामने खेळायचे कशाला? (कोल्हापूर)

चॅम्पियनशिप ही प्रीमियर लीगच्या लगेच खालची पायरी. त्या हंगामाच्या नियमांप्रमाणे २४ संघांतले पहिले दोन थेट वर जातात, आणि तिसरी जागा क्रमांक ३ ते ६ यांच्यात प्ले-ऑफने ठरते. तिसरा खेळतो सहाव्याशी, चौथा पाचव्याशी. उपांत्य फेरीत दोन-दोन सामने असतात, प्रत्येकाच्या मैदानावर एक. अंतिम सामना मात्र एकच, लंडनला वेम्बलीवर.

साखळीतले गुण इथे पुढे येत नाहीत. क्रमांक तिसरा आला म्हणून मिळतं ते एवढंच : समोर कागदावर तरी कमकुवत संघ, आणि उपांत्य फेरीचा दुसरा सामना घरच्या मैदानावर. जादा वेळ आणि पेनल्टीची वेळ आली तर तीही घरच्या प्रेक्षकांसमोर. वेम्बलीवर हाही फायदा संपतो.

शेफील्डने उपांत्य फेरीत ब्रिस्टल सिटीला दोन्ही सामन्यांत ३-० असं हरवलं. (त्यांचे ९० गुणही २ गुणांची कपात होऊन उरलेले, मैदानावर कमावले होते ९२.) अंतिम सामन्यात ते १-० पुढे होते. दुसरा गोलही झाला होता, पण व्हीएआरने (व्हिडिओ पाहून पंचांचे निर्णय तपासण्याची पद्धत) तो ऑफसाइड म्हणून रद्द केला. चॅम्पियनशिपच्या साखळी सामन्यांत व्हीएआर नसतो, त्यामुळे अख्खा हंगाम त्याच्याविना खेळलेल्या संघाला सर्वांत महागड्या दिवशी तो भेटतो. पुढे ७६व्या मिनिटाला संडरलंडच्या मायेंडाने बरोबरी साधली आणि ९५व्या मिनिटाला टॉम वॉटसनने संडरलंडचा विजयी गोल केला.

अन्याय म्हणाल तर आहेच. पण प्ले-ऑफ नसते तर एप्रिलमध्ये सातव्या-आठव्या क्रमांकावरच्या संघाला खेळायला कारणच उरलं नसतं, आणि स्टेडियम निम्मी रिकामी दिसली असती. लीगला ते परवडत नाही.

दोन सामन्यांनंतर एकूण गोल सारखे झाले, तर परक्या मैदानावरचा गोल जास्त धरतात का? (मडगाव)

नाही. ३० मिनिटांचा जादा वेळ, आणि तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. युरोपीय स्पर्धांनी हा नियम २०२१ मध्ये सोडला. इंग्लिश प्ले-ऑफमधून तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

यामुळे काय फरक पडतो ते चॅम्पियनशिपच्या खालच्या पायरीवर, लीग वनच्या २०२३ च्या उपांत्य फेरीत दिसलं. शेफील्ड वेन्सडे (शेफील्डचाच दुसरा क्लब) ९६ गुणांसह तिसरे, पीटरबरो ७७ गुणांसह सहावे. पहिला सामना पीटरबरोने घरी ४-० जिंकला. इतकी पिछाडी प्ले-ऑफमध्ये तोवर कुणीच भरून काढली नव्हती. दुसऱ्या सामन्यात वेन्सडेने ९८व्या मिनिटाला चौथा गोल करून एकूण ४-४ केलं. जादा वेळेत त्यांच्याच ली ग्रेगरीकडून स्वयंगोल झाला, पीटरबरो पुन्हा पुढे. मग कॅलम पॅटरसनने ५-५ केलं आणि वेन्सडे पेनल्टींवर ५-३ जिंकले. जुना नियम असता तर तो एक स्वयंगोल परक्या मैदानावरचा म्हणून पीटरबरोच्या खात्यात जास्त वजनाचा ठरला असता आणि वेन्सडे घरी बसले असते. अंतिम सामन्यातही त्यांनी बार्न्सलीला हरवलं ते जादा वेळेच्या अगदी शेवटी, १२३व्या मिनिटाला.

हा नियम नसल्यामुळे पहिला सामना आपल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला एक गोल खाण्याची फार धास्ती राहत नाही. तो मोकळेपणाने पुढे जाऊ शकतो. पहिल्या सामन्यात पाहुणा संघ ०-१ ने हरला तरी त्याला ते चालण्यासारखं असतं. खरं नुकसान होतं ते शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरीच्या हव्यासाने बचाव उघडा टाकून ०-२, ०-३ करून घेतलं तर.

ब्लॅकबर्न रोव्हर्सचे मालक आमच्या पुण्याचे. संघ प्ले-ऑफपर्यंत का पोचत नाही? (पुणे)

पोचता पोचता राहतो. वेंकीजने २०१० मध्ये क्लब घेतला, २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली गेला आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिपमध्ये परतला.

२०२२-२३ च्या शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न मिलवॉलच्या मैदानावर १-३ ने मागे होते आणि ४-३ जिंकले. पण त्याच वेळी संडरलंडने प्रेस्टनला ३-० हरवलं. दोघांचेही ६९ गुण. गुण सारखे झाले की आधी गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले) बघतात : संडरलंडचा +१३, ब्लॅकबर्नचा -२. त्यामुळे संडरलंड सहावं, ब्लॅकबर्न सातवं, आणि घरच्या मैदानावर हरलेलं मिलवॉल ६८ गुणांवर आठवं. म्हणून ऑक्टोबरमध्ये ०-४ ने हरतानाही पाचवा गोल वाचवायचा असतो. २०२४-२५ मध्ये ब्लॅकबर्न पुन्हा सातवेच, या वेळी दोन गुणांनी.

याच क्लबने १९९२ मध्ये सहाव्या क्रमांकावरून प्ले-ऑफ जिंकले होते. वेम्बलीवर लेस्टरविरुद्ध माइक न्यूवेलची पेनल्टी, १-०. त्यामुळे नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगमध्ये जागा मिळाली आणि १९९५ मध्ये ते तिचे विजेते झाले. प्ले-ऑफमधून वर येऊन इतक्या लवकर शिखर गाठणारा दुसरा क्लब नाही.

प्ले-ऑफच्या अंतिम सामन्याला जगातला सर्वांत महाग सामना म्हणतात. एवढे पैसे नक्की येतात कुठून? (ठाणे)

विजेत्याला धनादेश मिळत नाही. पैसा येतो तो मुख्यतः प्रीमियर लीगच्या प्रक्षेपण हक्कांतून, हप्त्याहप्त्याने. २०२४ च्या अंतिम सामन्याआधी डेलॉइट या लेखा-सल्लागार कंपनीचा अंदाज होता : जिंकणाऱ्याला तीन हंगामांत मिळून किमान १४ कोटी पौंड जादा, आणि पहिल्या वर्षी टिकून राहिला तर ३०.५ कोटी.

एका वर्षात परत घसरलं तरी काही मिळतं. त्याला पॅराशूट रक्कम म्हणतात. प्रीमियर लीगचे क्लब प्रक्षेपणाच्या पैशातला जो भाग सारखा वाटून घेतात, त्यातल्या एका वाट्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ दुसऱ्या, २० तिसऱ्या. पण वर राहणं एकाच हंगामाचं असेल तर तिसऱ्या वर्षाची रक्कम मिळत नाही.

खर्चही लगेच सुरू होतो. लुटनने २०२३ च्या अंतिम सामन्यात कॉव्हेंट्रीला पेनल्टींवर ६-५ हरवलं. त्यानंतर त्यांना आपल्या जुन्या, जेमतेम दहा हजारांच्या मैदानाची एक बाजू प्रक्षेपणाच्या गरजांसाठी घाईने बांधावी लागली. काम वेळेत न झाल्याने घरचा पहिला सामना पुढे ढकलला. २०२४ मध्ये ते प्रीमियर लीगमधून घसरले आणि २०२५ मध्ये थेट लीग वनमध्ये. खेळाडूंच्या करारात ‘संघ घसरला की पगार कमी’ हे कलम नसेल तर पॅराशूट रक्कम पगारातच विरघळते.

ही पद्धत पहिल्यापासून आहे का? (नाशिक)

१९८६-८७ पासून. पहिली दोन वर्षं वरच्या विभागातला, घसरण्यापासून थोडक्यात वाचलेला एक संघही यात खेळायचा. १९८८ मध्ये चेल्सी असाच मिडल्सबरोकडून हरून खाली गेला. वेम्बलीवर एकच अंतिम सामना १९९० पासून. त्याच वर्षी स्विंडनने संडरलंडला हरवलं, पण आर्थिक गैरव्यवहारांमुळे स्विंडनची बढती रद्द झाली आणि हरलेलं संडरलंड वर गेलं.

खालच्या विभागांतही हेच नियम? (सांगली)

लीग वनमध्ये हेच. तिच्या खालच्या लीग टूमध्ये पहिले तीन थेट वर, आणि प्ले-ऑफ क्रमांक ४ ते ७ चे. त्याखालच्या नॅशनल लीगमध्ये थेट जागा एकच. प्ले-ऑफ २ ते ७ चे, सगळे सामने एकेरी आणि वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर, अंतिम सामना सोडून. दुसरा आणि तिसरा संघ थेट उपांत्य फेरीत. २०२२-२३ मध्ये नॉट्स काउंटीला १०७ गुण मिळवूनही ही वाट धरावी लागली, कारण रेक्सहॅमचे १११ होते.

भारतात सामने किती वाजता दिसतील? (डोंबिवली)

मे महिन्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे दुपारी ३ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ७.३०. उपांत्य फेरीचे बरेच सामने रात्री ८ चे, म्हणजे आपले १२.३०. जादा वेळ आणि पेनल्टी धरून ३.२० पर्यंत जागायची तयारी ठेवा. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल आणि एकच रात्र काढता येत असेल, तर पहिल्या सामन्याचा फक्त निकाल बघा आणि दुसऱ्याला जागा.