टर्बो बसवलेल्या गाडीत इंजिन ऑइल फार तापते. मोठा ऑइल कूलर बसवावा का?

टर्बो बसवल्यापासून ट्रॅकवर तीन-चार फेऱ्यांतच ऑइल 140 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, असे आपण लिहिले आहे. कूलर हवाच, परंतु त्याच्या आकाराआधी त्यातून हवा कशी जाते हे पाहावे, कारण बंपरमागे नुसत्या लटकवलेल्या मोठ्या कूलरला वळसा घालून हवा कडेने निसटते आणि पत्र्याच्या डक्टने चारही बाजूंनी बंदिस्त केलेला लहान कूलरही त्याहून सरस ठरू शकतो. तापलेली हवा मागून बाहेर पडण्यासही वाट हवी; हे हमखास विसरले जाते.

थर्मोस्टॅट (ऑइल तापेपर्यंत ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप) असलेली सँडविच प्लेट, म्हणजे इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसून ऑइल कूलरकडे वळवणारी चकती, मात्र टाळू नये. थर्मोस्टॅट नसेल तर रोजच्या वापरात ऑइल पुरेसे तापत नाही आणि ज्वलनातून त्यात मिसळलेले पाणी व पेट्रोल उडून जात नाही. फिलर कॅप उघडून पाहावी: आतून दुधी, साबणाच्या फेसासारखा थर दिसला, तर ते बहुधा याचेच लक्षण असते, पण कूलंट गळत नाही ना, याचीही खात्री करावी. ट्रॅकवर संपमधील (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यातील) ऑइलचे तापमान 100 ते 120 अंशांदरम्यान राहिले तर उत्तम.

अरुंद होज आणि काटकोनी फिटिंग यांमुळे ऑइलचा दाब कमी होतो. म्हणून कूलर बसवण्याआधी व नंतर, ऑइल सारखेच तापलेले असताना आणि त्याच आरपीएमला, गॅलरीतील (इंजिनातील ऑइलच्या मुख्य वाटेतील) दाब मोजावा. बेअरिंग गेलेल्या इंजिनावरचा जुना कूलर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण त्याच्या अरुंद वाटांत अडकलेला धातूचा चुरा धुऊन पूर्णपणे निघत नाही.