चादरींचा दोर आणि वेल्सचा राजपुत्र

प्रश्न : आमच्याकडे टॉवेल-चादरीचं काम आहे. मुलगा मोबाईलवर बघून सांगत होता की लंडनच्या टॉवरमधून एक राजपुत्र चादरींचा दोर करून उतरताना पडून मेला. हे खरंय का? आणि राजाच्या पोराला कोंडलं कुणी?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : खरंय ताई. त्याचं नाव ग्रिफिथ, इंग्लंडला लागून असलेल्या वेल्सच्या उत्तर भागातल्या लुवेलिन राजाचा थोरला मुलगा, पण लग्नाच्या बायकोचा नाही. तिकडच्या जुन्या रिवाजात बापानं आपला म्हटलं की अशा मुलालाही वाटणी मिळायची, पण लुवेलिनला राज्याचे तुकडे नको होते, त्यानं इंग्लंडच्या जॉन राजाच्या मुलीपासून झालेल्या धाकट्या दाविथला एकट्यालाच वारस केलं आणि पोपची मंजुरीपण आणली. म्हणजे आपल्याकडची भाऊबंदकीच की.

कोंडलं कुणी म्हणाल तर सगळ्यांनीच. 1211 मध्ये बापानं त्याला पोरवयात जॉनकडे ओलीस दिला, तो 1215 ला मॅग्ना कार्टा, म्हणजे जॉननं सरदारांना लिहून दिलेली हक्कांची सनद, झाल्यावर सुटला. पुढे 1228 पासून सहा वर्षं खुद्द बापानंच कैदेत ठेवलं, नंतर दाविथनं क्रिकिएथच्या किल्ल्यात. 1241 मध्ये त्याची बायको सेनाना इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीकडे गेली, नवऱ्याला सोडवा म्हणून 600 मार्क (तिकडचं तेव्हाचं पैशाचं माप) कबूल केले, आपली दोन पोरं ओलीस द्यायलाही ती तयार झाली, आणि हेन्रीनं काय केलं तर दाविथकडून त्याला ताब्यात घेऊन सरळ टॉवरमध्ये टाकलं. मला या सगळ्यात त्या बाईचंच जास्त वाईट वाटतं.

1 मार्च 1244 च्या रात्री त्यानं चादरी, पडदे, टेबलावरची कापडं एकाला एक बांधून दोर खाली सोडला. कापड किती ताण घेतं ते तुम्ही रोज हातानं बघता. गडी अंगानं जड, त्यात बसून बसून सुटलेला, दोर मधेच तुटला आणि तो डोक्यावर पडला. मॅथ्यू पॅरिस नावाच्या त्याच काळातल्या साधूनं हे लिहून ठेवलंय, मान खांद्यात रुतली होती म्हणतो, आणि समासात चित्रपण काढलंय, उंच टॉवर, लोंबणारा दोर आणि उलटा पडणारा माणूस.

1248 मध्ये त्याचा देह वेल्सला नेऊन अ‍ॅबरकॉन्वीच्या मठात पुरला. बाप तिथेच होता, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेला दाविथसुद्धा.