बेगीन स्त्रियांवरचं साहित्य शोधताना: गूगल स्कॉलरच्या पलीकडे काय आहे

तुमची अडचण मला समजली ती अशी, की तेराव्या शतकातल्या बेगीन (मठाची आजन्म शपथ न घेता एकत्र राहणाऱ्या धार्मिक बायका) यांच्यावर एमएचा प्रबंध करायचाय, गूगल स्कॉलरवर तेच ते इंग्रजी लेख येतात आणि विद्यापीठाकडे पैसे भरून घ्यायचा एकही डेटाबेस नाही.

मग सरळ आरआय ओपॅकपासून सुरू करा. हा माइन्त्सच्या अकादमीचा रेगेस्टा इम्पेरी प्रकल्पाचा कॅटलॉग, फुकट, लॉगिन नाही, २० लाखांहून जास्त नोंदी. नाव जर्मन सम्राटांच्या दस्तऐवजांचं असलं म्हणून बिचकू नका, अख्ख्या युरोपच्या मध्ययुगावरचं साहित्य त्यात आहे. आणि खरा फायदा असा की गौरवग्रंथ, परिषदांचे खंड यांतले सुटे लेखही त्यात वेगवेगळे नोंदलेले असतात. मध्ययुगाच्या अभ्यासात अर्धा माल अशाच खंडांत पुरलेला असतो आणि स्कॉलरला तो नीट दिसत नाही, कारण त्यातलं बरंचसं ऑनलाइन नाहीच.

पण तिथे नुसतं इंग्रजी टाकून बसलात तर परत तेच होईल. जर्मनमध्ये 'बेगिनेन', डचमध्ये 'बेगाइनेन', फ्रेंचमध्ये 'बेगीन', इटालियनमध्ये 'बेगिने', प्रत्येकाचं मूळ स्पेलिंग घेऊन वेगळा सर्च मारा. माणसांच्या नावांचंही तेच, माग्डेबुर्गची मेख्टिल्ड (तेराव्या शतकातली बेगीन लेखिका) इटालियन लेखात 'मातिल्दे' होऊन बसते. शीर्षकातल्या शब्दांवर थांबू नका, एक चांगली नोंद सापडली की तिला लावलेले विषयशब्द बघा आणि त्यांवरून पुढे जा, हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त हाती लागतं ते यातूनच.

तुमच्या विषयाला फेमिने तर हवाच. आयोवा विद्यापीठाच्या साइटवर आहे, १९९६ साली सुरू झालेली सूची, मध्ययुगीन स्त्रिया आणि लिंगभाव एवढ्यावरच, तीही फुकट. आकाराने लहान आहे पण माणसांनी वाचून विषय लावलेत, त्यामुळे कचरा कमी. १३१० मध्ये पॅरिसला जाळलेल्या बेगीन लेखिका मार्गरीत पोरेतवर शोधून बघा, फरक कळेल.

आयएमबी (इंटरनॅशनल मेडिव्हल बिब्लिओग्राफी, मध्ययुगावरच्या लेखांची सूची) मात्र खरंच पैशांचं आहे. लीड्सला १९६७ मध्ये सुरू झालं, आता ब्रेपोल्स या प्रकाशकाच्या प्लॅटफॉर्मवर चालतं, भर जर्नल आणि संकलित खंडांतल्या लेखांवर. स्वतंत्र ग्रंथांसाठी त्याच प्लॅटफॉर्मवर फ्रान्समधल्या प्वातियेची बीसीएम ही ग्रंथसूची आहे, म्हणून "आयएमबीत नाही म्हणजे पुस्तकच नाही" असं समजू नका. सबस्क्रिप्शन असलेल्या एखाद्या लायब्ररीत बाहेरच्यांना बसून वापरू देतात का ते आधी ईमेलवर विचारा, आणि जाण्याआधी फुकटातलं सगळं संपवून जा, म्हणजे तिथला वेळ फक्त उरलेल्या फटी भरायला जाईल.

जेस्टोर या यादीत नाही, ते मुख्यतः फुलटेक्स्टचं भांडार आहे आणि बऱ्याच जर्नलांचे अलीकडचे काही वर्षांचे अंक तिथे नसतात. नव्या पुस्तकांसाठी द मेडिव्हल रिव्ह्यू वाचत जा, परीक्षणं फुकट असतात आणि चांगला परीक्षक आधीचं महत्त्वाचं कामही जाता जाता सांगून टाकतो.

आणि हो, फ्लँडर्स घेताय की ऱ्हाइनकाठची शहरं ते इथे लिहा, गावांच्या नावांची स्पेलिंगं शोधासाठी त्याप्रमाणे सुचवतो.